बेंजोभाई आणि सावलीचं गाणं

बेंजोभाई गप्प बसले की आम्ही सगळे सावध व्हायचो. एरवी हा माणूस दिवसभर बोलायचा. ट्रेलरच्या खिडकीतून, कॅन्टीनच्या रांगेत, नमाजाला जाताना, नमाजाहून येताना. पण दोन-तीन दिवस तोंडातून शब्द निघाला नाही की समजायचं, आत गाणं शिजतंय. आणि त्यांच्या गाण्यात कोणाचं ना कोणाचं माप निघायचंच.

ते दापोलीकडचे. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ट्रेलर चालवायचे. इथून माल भरायचा आणि थेट सलालाहच्या बंदरापर्यंत न्यायचा. मी त्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. कोकणात लग्नाच्या वरातीत जो बेंजो वाजतो, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तो कायम त्यांच्या गाडीत असायचा. खरं नाव व्हिसावर होतं, पण ते वसाहतीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या संगीताची सुरुवात एका अमेरिकन इंजिनियरमुळे झाली. तो शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, कामाला आला होता आणि जाताना गाण्यांचा एक पेनड्राइव्ह भाईंना देऊन गेला. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी, ज्याला तिकडे कंट्री म्हणतात. भाईंना शब्द कळत नव्हते. "पण अर्थ कळला ना," ते मला सांगत. "घर लांब, रस्ता लांब, गाडीत माणूस एकटा. ही तर आमचीच गाणी, साहेब. फक्त मासळीचा वास नाय." मग बरोबरच्या बलुची ड्रायव्हरांच्या मोबाइलवर त्यांनी रॅप ऐकला आणि दोन्ही एकत्र करून टाकलं. आधी बेंजोवर संथ, लांबलेली चाल. मग एकदम बेंजो थांबवून, गाडीच्या दारावर तळहाताने ठेका धरून, तोंडाने गोळीबार. "जीव दुखला की कंट्री," ते म्हणत, "आणि डोकं फिरलं की रॅप."

मस्कतमधल्या अल खौद भागातल्या एका हॉलमध्ये तिथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. मी बराच आग्रह केला तेव्हा त्यांना पाच मिनिटं मिळाली, लहान मुलांचा नाच आणि नाट्यगीत यांच्या मध्ये. ड्रायव्हरचा स्वच्छ धुतलेला गणवेश घालून ते उभे राहिले आणि सुरू झाले:

"गाडी माझी सोहारची, वाट सलालाहची,
मधे नाही झाड, नाही हाक माणसाची."

पुण्या-मुंबईची मंडळी खुर्चीत अवघडून बसली. मागच्या रांगांतली मुलं मात्र उठून उभी राहिली. परत येताना माझी मुलगी, जिला मराठीत दोन वाक्यं सलग बोलायला लावणं म्हणजे शिक्षा, गाडीत विचारत होती, "बाबा, त्या गाण्यातलं कासावीस म्हणजे व्हॉट एक्झॅक्टली?" पाचाची पंधरा मिनिटं झाली होती. त्या दिवसानंतर भाईंना थेट मस्कतहून बोलावणी येऊ लागली. शुक्रवारी सुट्टी असली की ते गायचे, शनिवारी पुन्हा गाडीवर.

मग तो जून आला.

आमच्या यार्डात माल भरायला रांग लागायची. नियम असा, की रांगेत इंजिन बंद ठेवायचं. इंजिन बंद म्हणजे एसी बंद, म्हणून ड्रायव्हर खाली उतरून गाडीच्या सावलीत उभे राहायचे. दुपारी ती सावलीही वीतभर उरते. पत्र्याची शेड मागणारे दोन अर्ज माझ्याच टेबलावरून वर गेले होते आणि वरच राहिले होते. त्या रांगेत खानसाब म्हणून एक पेशावरचे वयस्क ड्रायव्हर उभ्याउभ्या कोसळले. भाईंनी त्यांना उचललं, अंगावर पाणी ओतलं, अँब्युलन्समध्ये बरोबर बसले. तिसऱ्या दिवशी खानसाब गेले.

अहवाल मी लिहिला. त्यांच्या जुन्या तपासणीत रक्तदाब जास्त निघाला होता. आमचे जनरल मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "प्री-एक्झिस्टिंग लिही. खलास करून टाक विषय." मी 'पूर्वीचा हृदयविकार' असं लिहिलं आणि सही केली. ऊन हा शब्द त्या अहवालात कुठेच नव्हता.

बेंजोभाई चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी सकाळी वसाहतीतल्या प्रत्येक मोबाइलवर त्यांचं गाणं होतं. आधी बेंजो, अगदी हळू, खानसाबच्या गावच्या अक्रोडाच्या झाडाबद्दल. मग तो ठेका:

"कागद म्हणतो, छाती जुनी. ऊन कागदात नाही.
ज्यानं लिहिलं, त्याच्या खोलीत ऊन येतच नाही."

मी ते ऑफिसात, दार लावून, हेडफोन घालून ऐकलं. कान तापले. दुपारपर्यंत ते गाणं मालकांपर्यंत पोचलं. मालक ओमानी, वयस्क, कमी बोलणारे. ड्रायव्हर त्यांना अर्बाब म्हणत. त्यांना एवढंच कळलं होतं, की कंपनीवर कोणीतरी काहीतरी गायलंय आणि सगळे ते ऐकताहेत. जनरल मॅनेजर मला म्हणाले, "तुला ती भाषा येते. उद्या दहा वाजता अर्बाबसमोर भाषांतर वाच. आणि हे बघ, बदनामी आहे एवढं कळलं की पुरे. तुझ्याबद्दल काय म्हटलंय ते गाळलंस तरी चालेल."

मी तडक यार्डात गेलो. भाई टायरची हवा तपासत होते.

"भाई, उद्या मला भाषांतर करायचंय. मी सांगतो, विरहगीत आहे. मित्र गेल्याचं दुःख. कोणाला काही कळणार नाही. तुमचा व्हिसा वाचेल."

ते उभे राहिले. हात पुसले. "आणि तुमचीबी सही वाचंल."

मी यार्डातल्या रांगेकडे बघितलं.

"साहेब, गाणं माझं हाय. त्याचा अर्थबी माझा हाय. तुमी एकदा कागदावर खोटं लिवलंत. मना राग आला, पण मी गाऊन मोकळा झालो. आता माझ्याच गाण्याचं खोटं लिवलंत, तर मी कुठं जाऊन गाऊ?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी अर्बाबसमोर उभा राहिलो. बेंजोभाईंना दाराशी उभं केलं होतं. खोली थंडगार होती आणि माझ्या शर्टाची पाठ ओली. मी इंग्रजीत वाचायला लागलो. अक्रोडाचं झाड वाचलं, रांग वाचली, पाण्याची बाटली वाचली. कागदाच्या त्या दोन ओळींशी आल्यावर मी अडखळलो. जनरल मॅनेजर खुणेने 'पुरे' म्हणत होते. मी वाचल्या. दोन्ही.

अर्बाबनी विचारलं, "कोणाचा कागद?"

"माझा," मी म्हणालो. "आणि तो खोटा आहे."

अर्बाबनी घड्याळ पाहिलं, उठले आणि म्हणाले, "यार्ड दाखव. आत्ता नाही, दुपारी." त्या दुपारी ते आपल्या पांढऱ्या, पायघोळ दिशदाशात त्या रांगेत उभे राहिले, छत्री न घेता. त्यांच्या मागे जनरल मॅनेजर, त्यांच्या मागे मी. दहा मिनिटांनी ते गाडीत बसले.

शेड त्याच महिन्यात झाली. अहवाल मी पुन्हा लिहिला आणि खानसाबच्या घरी नवीन पत्र गेलं, ज्यात खरं कारण होतं. माझी बढती गेली, नोकरी राहिली. पण बेंजोभाईंचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं आणि ते पुढे वाढवलं नाही. गाण्यामुळे, असं कोणी म्हणालं नाही. "ड्रायव्हर कमी करतोय," एवढंच कळवलं. मी अर्बाबना भेटायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते बाहेरगावी होते.

आज बेंजोभाई कोकणात गातात. त्यांचा स्वतःचा संच आहे, दोन बेंजो आणि एक ड्रम. उरुसाला, लग्नाला, गावच्या जत्रेलाही बोलावतात. मध्ये पुण्याला जाऊन आले. मोबाइलवर त्यांना ऐकणाऱ्या पोरांना वाटतं, हा प्रकार यांनी आत्ता शोधला.

मला मात्र ते आठवतात ते मस्कतच्या विमानतळावर. मी त्यांना सोहारहून सोडायला गेलो होतो. दोन तासांच्या रस्त्यात मला जे बोलता आलं नव्हतं, ते ट्रॉलीशी उभं राहून बोललो. म्हणालो, "भाई, मी खोटं सांगितलं असतं तर तुम्ही अजून सोहारलाच असता."

"असतो की," ते म्हणाले. "त्याच रांगेत उभा असतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या खोलीत मना कोणी गाऊ दिलं नसतं, साहेब. तिथं तुमी गायलात. सूर जरा हलला, पण शब्द एक सोडला नाय."

आणि पासपोर्ट काढून ते रांगेत जाऊन उभे राहिले.