डबलसीटसाठी आणलेली चेन

गेल्या रविवारी सकाळी अमरावतीत माझ्या थोरल्या साडूंनी मोटारसायकलची चेन घरच्या अंगणात बदलली. नवी चेन तोवर दोन वर्षं खिळ्याला टांगलेली होती.

अख्ख्या वऱ्हाडात चेनचे एवढे लाड करणारा माणूस दुसरा नसावा. त्यांचा धंदा फुलांचा. पहाटे झेंडूची पोती बाजारात उतरवून घरी आले की चहाच्या आधी ते दातांच्या जुन्या ब्रशने चेन घासतात. गाडी मेकॅनिककडे देत नाहीत. "सगळे दुसऱ्याच्या गाडीवर शिकून राहिले," असं त्यांचं मत. अकोल्याला आमच्या घरच्या वरातीत शेजारून गेलेल्या एका गाडीसाठी त्यांनी बँड थांबवायला लावला होता, कारण चेनचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. बँड थांबला. चेन ढिली निघाली. जेवणं उशिरा झाली.

चेन बदलायची त्यांची रीत घरात सगळ्यांना पाठ आहे. नवी चेन जुनीच्या टोकाला जोडायची आणि जुनी हळूहळू ओढायची. नवी तिच्यामागून आपोआप चक्रावर चढते. "सासू सुनेले घर दाखवते तसं," ते म्हणतात. शेवटी कडीला लॉक लावायचं, त्याचं उघडं तोंड चेन पळते त्याच्या उलट दिशेला ठेवून.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, एकदा त्यांच्यामागे बसून गुरुकुंज मोझरीला दर्शनाला जायचं होतं. लग्नानंतर ती दोघं तशीच गेली होती. पण जुन्या चेनवर डबलसीट बसवायची नाही, हा साडूंचा नियम. झेंडूची पोती चालतात ती कशी, असं तिने विचारलं, तर फुलं हलकी असतात म्हणाले. नवी चेन टाकली की नेतो, हे ठरलेलं. मग दसऱ्याची गर्दी आली, मग लग्नसराई, मग ऊन, मग पुन्हा दसरा.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. काठी धरून चालता येईल, दुचाकीवर मात्र बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

रविवारी ती ओट्यावर खुर्चीत होती.   साडू लॉक लावून उठले.

"अवो, लॉक उलटं बसलं तुमचं. तोंड मांगं पायजे," ती म्हणाली.

ते पुन्हा बसले. पकडीने लॉक काढलं, फिरवून लावलं. बराच वेळ चाक हाताने फिरवत राहिले.

"आता नेलं असतं तुले," ते म्हणाले.

"एसटी जाते ना मोझरीले. तुमी मांगून या."

दुपारच्या बसमध्ये माझी बायको तिच्याशेजारी बसली होती. मोझरीपर्यंत मोटारसायकल बसच्या मागेच होती. मागच्या सीटवर मेहुणीची काठी बांधलेली होती.