मी बाबांचा एक्सलेटर होते

आयुष्यात मी एकच वर्ष व्हिडिओ गेम खेळले, पण त्या वर्षात दुसरं काहीच केलं नाही. नुकतीच बारावी झाली होती. डी.एड.ला माझा नंबर लागेल म्हणून सगळे वाट बघत होते, तेवढ्यात तो घरातच लागला. हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, गावात मोठी मोठी ऑफिसं आली होती, आता सगळ्यांचं भलं होणार असं लोक म्हणत होते. आमच्या घरात त्या साली टीव्हीसमोर एक चटई अंथरली गेली, ती वर्षभर कुणी गुंडाळली नाही.

बाबा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. हिंगोली ते नांदेड. एका दुपारी वारंगा फाट्यावर गाडी उभी करून ते चहाला उतरले आणि कप हातातून खाली पडला. त्यांनी दुसरा मागवला, तोही पडला. त्यांच्या गाडीवरच्या कंडक्टरकाकांनी वर पाहिलं तर बाबांचं तोंड वाकडं झालेलं. लकवा मारला होता. भेटायला येणारा जो तो सांगायचा, चालत्या गाडीत झालं असतं तर किती माणसं गेली असती, देवाची कृपा म्हणा. म्हणजे आमचे पेढे वाटायचे राहिले होते की काय! मला त्या माणसांचा इतका राग यायचा की मी त्यांच्या चहात मुद्दाम साखर कमी घालायचे.

बाबांची जीभ दोन-तीन महिन्यांत सुटली. पाय ओढत का होईना, ते चालायला लागले. उजवा हात तेवढा राहिला. मांडीवर ठेवला की तो मांडीवरच असायचा, डाव्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागायचा. डेपोतून निरोप आला होता की वर्षभरात हात चालू झाला आणि तपासणीत पास झाले तर स्टेअरिंग परत मिळेल, नाहीतर गाडी कायमची सुटली. बाबांना गाडी चालवण्याखेरीज काही येत नव्हतं आणि काही यावं अशी इच्छाही नव्हती. भिंतीवर देवाच्या शेजारी त्यांचा विनाअपघात सेवेचा बिल्ला लावलेला होता. आई रोज दोघांनाही फूल वाहायची.

डॉक्टरांनी हातात रबरी चेंडू दिला होता, तो दाबायचा. बाबा दोन दिवसांत कंटाळले. मग कंडक्टरकाकांनी नांदेडच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला. पिवळी कॅसेट, दोन रिमोट. त्यात गाड्यांचा गेम होता. रिमोटच्या डाव्या बाजूला गाडी वळवायचं बटण आणि उजव्या बाजूला एक लाल बटण. लाल बटण दाबून धरलं की गाडी पळणार, सोडलं की थांबणार. काका म्हणाले की ड्रायव्हर माणसाला चेंडू कशाला देता, गाडी द्या, अंगठा आपोआप दाबंल.

अंगठा दाबेना. डाव्या हाताने बाबा गाडी अशी वळवायचे की बघत राहावं, पण ती पळवायची कुणी? म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला चिकटून बसले आणि लाल बटणावर माझा अंगठा ठेवला. एक रिमोट, दोन माणसं. बाबा म्हणायचे, "दाब." मी दाबायचे. "सोड." मी सोडायचे. बाबांच्या गाडीचा एक्सलेटर म्हणून मी वर्षभर ड्युटी केली, सुटीसुद्धा न घेता.

आता त्या गेमची गंमत अशी होती, की बाजूला पेट्रोलचा आकडा सारखा कमी होत जायचा. तो संपायच्या आत रस्ता संपवायचा. रस्त्यात मध्येच एक रंगीत गाडी यायची, तिला जाऊन धडकलं की पेट्रोल वाढायचं. मी हे बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी चोरी करायला सांगत होते. चालत्या गाडीला धडकायचं? जाणूनबुजून? ते म्हणाले की हा गेम कुण्या बिनालायसनच्या माणसाने बनवला असणार. रंगीत गाडी आली की बाबा तिला रीतसर साइड द्यायचे. मागून कुणी जोरात आलं तर त्यालाही साइड. वळण आलं की "सोड", पूल आला की "सोड". आमची गाडी दर वेळी पेट्रोल संपून रस्त्याच्या कडेला उभी राहायची, पण कुणाला खरचटलं नाही. वर्षभरात आम्ही पहिला रस्तासुद्धा ओलांडला नाही.

दुपारी बाबा झोपले की मी आवाज बंद करून एकटी खेळायचे. तेव्हा मात्र मी रंगीत गाड्या शोधून शोधून धडका द्यायचे. मैत्रिणींची पत्रं यायची, कुणी परभणीला, कुणी लातूरला, होस्टेलचं जेवण कसं वाईट आहे त्याच्या तक्रारी. मला ते वाईट जेवण जेवायचं होतं. मी रिमोट घेऊन चौथ्या रस्त्यापर्यंत जायचे आणि बहुतेक वेळा तिथेच लाइट जायची. लोडशेडिंग होतं. लाइट आली की गेम पहिल्यापासून. पुन्हा पहिला रस्ता, पुन्हा त्याच गाड्या. मी रडायचे, पण गेमसाठी रडते असं स्वतःला सांगायचे.

रोज सकाळी खेळ सुरू करायच्या आधी बाबा एकदा स्वतः प्रयत्न करायचे. मी त्यांचा अंगठा उचलून लाल बटणावर ठेवायचे आणि आम्ही तिघं त्या अंगठ्याकडे बघत बसायचो. आई विचारायची, काही वाटतंय का? बाबा म्हणायचे, मुंग्या आल्यावानी वाटतंय. त्या मुंग्यांवर आम्ही पावसाळा काढला, हिवाळाही काढला. उन्हाळ्यात त्या मुंग्यांचंही नाव निघेनासं झालं. आईने विचारणं सोडलं नाही, पण उत्तर यायच्या आत ती स्वयंपाकघरात जायची.

तपासणीला आठवडा राहिला होता. संध्याकाळी आम्ही खेळत होतो आणि बाबांनी पाणी मागितलं. मी त्यांचा अंगठा बटणावर ठेवून उठले, म्हणजे परत आल्यावर रिमोट शोधायला नको. तांब्या भरून वळते तर दारात आई उभी, पिठाचे हात तसेच, आणि टीव्हीवर गाडी पळत होती. बाबांशेजारी कुणी नव्हतं. लाल बटणावर फक्त त्यांचा अंगठा होता. आई पुढे येऊन बाबांजवळ बसली आणि त्यांचा तो हात आपल्या कपाळाला लावून रडायला लागली. पीठ त्यांच्या मनगटाला लागलं. मग ती उठली आणि अनवाणीच शेजारच्या घरी सांगायला गेली.

मी धावत जाऊन रिमोट हातात घेतला. बटणावर आता अंगठा नव्हता, तरी गाडी पळतच होती. वर्षभर दाबून दाबून बटण आत रुतून बसलं होतं, वर येत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी शांत होता.

"एक्सलेटरची केबल अटकली," ते म्हणाले. "मला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वरीस झालं ती हसली न्हाई. सांगू नको तिला."

दुसऱ्या दिवशी आई पहिल्या गाडीने औंढ्याला गेली, नागनाथाला नारळ फोडून आली, गल्लीत प्रसाद वाटला. तिला हात पुन्हा बघायचा होता. बाबा म्हणाले, आता तपासणीलाच बघ, उगाच ताण नको. मी त्यांना रात्री हळूच म्हटलं की सांगून टाका. ते कूस बदलून झोपले.

तपासणीला आम्ही तिघंही गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने आपली दोन बोटं बाबांच्या उजव्या तळव्यात ठेवली आणि म्हणाला, दाबा. बाबा बोटांकडे बघत राहिले. डॉक्टरने पुन्हा सांगितलं. मागून आई म्हणाली, "दाबा की. घरी तं दाबत होते तुमी." डॉक्टरने बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आणखी थोडा वेळ थांबला. मला वाटलं आता तरी बाबा बोलतील. त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरने बोटं काढून घेतली आणि अनफिट लिहिलं.

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तिने एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "काहून असं केलं तुमी? बसून खायची सवय लागली का?" त्या दिवसापासून आईचा पक्का समज झाला की हात बरा झाला होता, बाबांनीच मुद्दाम दाबला नाही. तिने बिल्ल्याला फूल वाहणं बंद केलं. मला ते सहन होईना. बाबा एकटे असताना मी भांडले, म्हटलं, मी सांगणार तिला, ती तुमच्याविषयी काय काय बोलते माहीत आहे का.

बाबा म्हणाले, "हात मेला म्हणलं तं ती रडत बसंल. माझ्यावर चिडली तं चिडू दे. चिडलेलं माणूस उठून कामाला लागतं."

तसंच झालं. आई चिडून उठली आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. माझी डी.एड.ची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही, पुढच्या वर्षी माझं लग्न लावून दिलं. गेम काकांनी परत नेला नाही आणि आम्ही लावला नाही. बाबा पुढे काही वर्षं ओसरीवर बसून होते. आई त्यांना जेवायला वेळेवर वाढायची, औषध द्यायची, पण त्या हाताला तिने पुन्हा हात लावला नाही. आंघोळीच्या वेळी शर्टाच्या बाहीतून तो काढायला मी माहेरी असले की मीच जायचे, नसले की बाबा दातांनी बाही ओढायचे.

बाबा गेल्यावर तेराव्याची माणसं पांगली आणि मी आईला सगळं सांगितलं. बटण कसं अडकलं होतं, बाबांना पहिल्या क्षणाला कसं कळलं, ते गप्प का राहिले. मला वाटलं होतं ती रडेल, त्यांच्या फोटोसमोर जाईल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "गाडी पळत होती. मी माझ्या डोळ्यानं पाह्यली." मी म्हटलं, अगं बटण अडकलं होतं. ती म्हणाली, "अटकलं असंल. पर डॉक्टरापुढं जोर लावून तं पाहायचा. त्यांनी जोरसुदिक लावला न्हाई."

तपासणीच्या दिवशी मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. बाबांच्या कपाळावरची शीर फुगली होती, डाव्या हाताची मूठ पांढरी पडली होती आणि त्यांचा सगळा देह त्या उजव्या हातासाठी थरथरत होता. आई मागे होती. तिला फक्त पाठ दिसली.