मखलूफचे चार पिंजरे

जलूल आमच्या वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहतो. बस-आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला तेव्हा सोबतच्यांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्याने दिवाणखान्यात न लावता पक्ष्यांच्या खोलीत लावलं. त्याच्याकडे पाच मकनीन होते. मुठीत मावतील एवढे, लाल तोंडाचे, पंखावर पिवळी पट्टी असलेले. त्यांचं दाणापाणी, अंघोळ, गाण्याची शिकवणी, सगळं त्या घड्याळावर चाले. त्याची बायको वर्दिया म्हणायची, "माझं दम्याचं औषध या माणसाला कधी आठवलं नाही. पाखराला काकडी द्यायची वेळ मात्र झोपेतही कळते."

मकनीनला गाणं शिकवावं लागतं. चांगल्या गाणाऱ्याचा आवाज त्याच्या कानावर पडत राहायला हवा, आणि दुसरा कुठलाच नको. मोठा झालेला पक्षीसुद्धा महिनाभर भलतंच ऐकत राहिला तर बिघडतो, असं आमच्या ब्लिदातले शौकीन मानतात. एक परका सूर चिकटला की संपलं.

याच गोष्टीवरून जलूलचं आणि समोरच्या इमारतीतल्या मखलूफ न्हाव्याचं फाटलं होतं. सहा वर्षांपूर्वी, शौकिनांच्या शुक्रवारच्या बैठकीत, भर कॅफेत मखलूफ म्हणाला, "काय रे जलूल, तुझा पक्षी कॅनरीच्या शेजारी झोपतो काय?" म्हणजे सूर भेसळीचा. सगळे हसले. जलूल पिंजऱ्यावर कापड टाकून उठला तो पुन्हा मखलूफशी बोलला नाही. केससुद्धा घरीच, वर्दियाकडून कापून घ्यायचा. ते दिसायचंही.

मार्चच्या शेवटी साथीमुळे ब्लिदा बंद झालं. देशात सगळ्यात आधी आमचंच शहर. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, रवा आणि दूध वॉर्डाची मुलं दारात ठेवून जायची. कॅफे बंद, बैठक बंद. पहिले चार दिवस जलूल पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपेक्षा जास्त येरझाऱ्या घालत होता. पाचव्या दिवशी त्याने फोनवर गल्लीतल्या सात-आठ शौकिनांना गोळा केलं. ठरलं असं, की रोज दुपारी चार वाजता प्रत्येकाने पिंजरे गॅलरीत टांगायचे, अर्धा तास कोणी बोलायचं नाही, आणि मग फोनवरच गुण द्यायचे. आमची गल्ली अरुंद. गाड्या नाहीत, माणसं नाहीत. पक्षी असे ऐकू यायचे की आम्ही शौकीन नसलेलेसुद्धा खिडकीत येऊन बसायचो.

मखलूफला कोणी बोलावलं नव्हतं. पण बरोबर चारला त्याच्याही गॅलरीत, जलूलच्या अगदी समोर, चार पिंजरे टांगले जायचे. त्याला गुण कोणी देत नसे. जलूल मान वळवून बसायचा. वर्दिया हसायची, "मान तिकडे, कान इकडे."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा संध्याकाळची नमाज झाली तरी मखलूफचे पिंजरे बाहेरच होते. सकाळीही तिथेच. ऊन त्यांच्या अंगावर आलं. जलूलने दुर्बीण काढली. दोन पिंजऱ्यांतलं पाणी तळाला गेलेलं, एक पक्षी चोच उघडी टाकून बसलेला.

मखलूफचा नंबर त्याने कधीच पुसून टाकला होता. दुसऱ्याकडून घेऊन लावला. खूप वेळाने फोन उचलला गेला.

"कोण?"

"जलूल. समोरचा."

पलीकडून धाप लागल्याचा आवाज. मग, "पाणी... घालतो आता. उठवत नाही रे."

"ताप आहे का?"

"चार दिवस झाले."

"मग रुग्णवाहिका बोलाव की, गाढवा!"

"बोलावली तर घराला सील लावतील. मुलगी ओरानला, रस्ते बंद. हे चौघं आत मरतील." दोन वाक्यांसाठी त्याला तीनदा थांबावं लागलं. "बरा होईन. तू कोणाला सांगू नकोस."

जलूल फोन ठेवून उठला आणि बूट घालू लागला. वर्दिया दारात उभी राहिली.

"कुठे निघालात?"

"पिंजरे आणतो."

"त्याच्या घरात पाऊल टाकलंत तर परत या घरात पाऊल टाकायचं नाही. मला दमा आहे हे ठाऊक आहे ना? का तेही घड्याळात लावून ठेवायला हवं होतं?"

तो दाराशी तसाच उभा राहिला, एका पायात बूट. तिचं खरं होतं. मग त्याची नजर गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे गेली.

दोन्ही गॅलऱ्यांमध्ये अंतर सहा-सात मीटर. त्याने ती सोडून तिला सुतळी जोडली, सुतळीच्या टोकाला लिंबू बांधलं, मखलूफला फोन केला, आणि फेकलं. पहिलं लिंबू गल्लीत पडलं. दुसरं कठड्यावर आपटून फुटलं. तोवर आम्ही सगळे खिडक्यांत आलो होतो. मखलूफ दारातून बाहेर आला तो भिंतीला धरून. दाढी वाढलेली, ओठांचा रंग काळपट. तिसरं लिंबू त्याच्या पायाशी पडलं. ते उचलायला तो वाकला आणि तसाच बसून राहिला. आम्हाला वाटलं, आता उठत नाही.

"मखलूफ!" जलूल ओरडला. "दोर कठड्यामागून घे आणि टोक लिंबाला बांधून परत टाक. बाकी मी ओढतो. तू फक्त पिंजरा अडकव."

सुतळीमागून दोर गेला, वळसा घालून टोक परत आलं. पहिला पिंजरा हेलकावे खात निघाला. मध्यावर पोचताच पक्षी घाबरून फडफडू लागला, पिंजरा गरगर फिरला. जलूल थांबला, तो शांत होईपर्यंत दोर घट्ट धरून उभा राहिला, मग हात-हात ओढत त्याने पिंजरा घेतला. वर्दिया तोंडाला ओढणी बांधून ब्लीचचं फडकं घेऊन तयार होती.

दुसरा आला. तिसरा अडकवायला मखलूफला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला रुग्णवाहिका दिसली. मागे पोलिसांची गाडी.

जलूलने बायकोकडे पाहिलं.

"मी बोलावली," ती म्हणाली. "लिंबू शोधत होतात तेव्हा. पाखरांसाठी माणूस मरू द्यायचा का?"

पांढऱ्या पोशाखातले दोघे समोरच्या जिन्यात शिरले. खालून पोलीस ओरडला, "ओ काका! हे काय चाललंय? दोर सोडा आधी!"

"सोडला तर पिंजरा तुझ्या डोक्यावर येईल," जलूल म्हणाला. ओढणं थांबलं नाही.

समोर दार ठोठावत होते. मखलूफ उघडत नव्हता. चौथा पिंजरा छातीशी धरून कठड्याला टेकून उभा होता. त्यात त्याचा सगळ्यात म्हातारा पक्षी होता, नऊ वर्षांचा. आकडा दोरात बसेना.

"दार उघड!" जलूल म्हणाला. "त्याला तिथेच ठेव, मी त्यांना सांगतो."

"आधी हा निघू दे. मग उघडतो."

पोलिसाने वर पाहिलं, समोरचं दार ठोठावणं ऐकलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "अडकवा बाबा," तो मखलूफला म्हणाला. "लवकर अडकवा."

आकडा बसला. पिंजरा निघाला तसा मखलूफ भिंत धरत आत गेला. दार उघडल्याचा आवाज आम्ही ऐकला.

पुढचा महिना जलूलचा कसा गेला, ते आम्ही खालून ऐकत होतो. म्हणजे, त्याचे स्वतःचे पक्षी ऐकू येत नव्हते. मखलूफच्या पक्ष्यांची चाल वेगळी होती. आपल्या पक्ष्यांचं गाणं त्यांच्या कानावर पडलं तर ते बिघडतील, म्हणून जलूलने स्वतःचे पाचही पिंजरे मागच्या कोठीत, कापडाखाली, अंधारात ठेवले. चारच्या बैठकीतून त्याने नाव काढून घेतलं. मखलूफच्या मुलीने ओरानहून बापाच्या पक्ष्यांची जुनी रेकॉर्डिंग पाठवली, ती तो चौघांना सकाळ-संध्याकाळ ऐकवायचा. "शत्रूची शाळा चालवतो," असं म्हणायचा.

दोन आठवड्यांनी म्हातारा पक्षी सकाळी पिंजऱ्याच्या तळाला सापडला. काही झालेलं दिसत नव्हतं. जलूल त्या दिवशी जेवला नाही.

त्याच आठवड्यात मखलूफचा ऑक्सिजन काढला. त्याने हॉस्पिटलातून पहिला फोन जलूलला केला. आवाज घासलेला. "पक्षी ऐकव."

जलूलने फोन एकेका पिंजऱ्याशी धरला. तीन गायले.

"चौथा?"

वर्दिया सांगते, चौथा आज गात नाही म्हणून सांगा, आजारी माणूस आहे, असं तिने खुणावलं. पण जलूल म्हणाला, "मंगळवारी गेला रे. पाणी होतं, दाणा होता. मला कळलं नाही."



"माझ्याच गॅलरीत उन्हात राहिला तो," मखलूफ म्हणाला. "अख्खी सकाळ. तुझं काही नाही त्यात." आणि फोन ठेवला.

तो ईदच्या आदल्या आठवड्यात घरी आला. पंधरा किलो उतरलेला, तीन मजले चढायला अर्धा तास. पिंजरे न्यायला मुलगी आली. त्याने गॅलरीतून तिघांना ऐकलं, एकेकाला पुन्हा ऐकलं, आणि समोर जलूलकडे पाहून मान हलवली. सूर बिघडले नव्हते.

जलूलचे पक्षी मात्र कोठीतून बाहेर आले ते मुके. पिसं झडली, अंग फुगवून बसून राहिले. त्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी एकही गायला नाही. जलूल रोज सकाळी त्यांना गॅलरीत टांगतो, स्टूल घेऊन शेजारी बसतो आणि वाट पाहतो. समोरून मखलूफ विचारतो, "काही बोलले का?" जलूल म्हणतो, "अजून नाही."