आखाजीला नानांचे पत्ते

मंडळी, आज दुपारी नानांचे पत्ते उलटले आणि माझं सगळं संपलं.

धुळ्यात शालूच्या घरी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, पत्त्यांचा डाव होता. वर्षात वारलेल्या माणसालाही त्या घरी पत्ते वाटतात. यंदा तिचे वडील, नाना गेले. माझ्यासारखा कॉलेज सोडलेला जावई त्यांना नको होता.

"आज जिंकलास तर शालू तुझी," तिचा भाऊ म्हणाला.

माझ्याकडे चारच चिंचोके उरलेले, पण हातात तीन राजे! सगळे लावले. बाकीच्यांनी पत्ते टाकले.

भावाने नानांच्या रिकाम्या पाटासमोरचे पत्ते उलटले. तीन एक्के. पिसले मीच होते, वाटलेही मीच.

"नाना आजूनबी नहीच म्हनतस," तो पुटपुटला. 

मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा ना? मी उठलो, बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.