मामी सिंगापूरचं घर पाहते

जगाच्या पाठीवर असं एकही तान्हं लेकरू नाही, ज्याला सांभाळायला वर्धा जिल्ह्यात बाई मिळणार नाही, असं माझ्या धाकट्या मामीचं ठाम मत आहे. लेकरू मस्कतचं असो, मेलबर्नचं असो, नाही तर आणखी कुठलं असो, त्याच्या नशिबातली बाई आर्वी ते कारंजा या टापूतच कुठे तरी भेंड्या तोडत बसलेली आहे आणि आपण फक्त तिला हाक मारायची आहे, असं तिला मनापासून वाटतं. मामी नालवाडीत राहते. अंगणवाडीत तिनं जन्म काढला. रिटायर झाल्यावर शेजारच्यांच्या मस्कतच्या मुलाला जुळी झाली, त्यांना घरची वाटेल अशी बाई हवी होती, मामीनं आर्वीकडच्या एका भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली बाई पाठवली आणि तिथून जे सुरू झालं ते अजून थांबायचं नाव नाही. व्हिसाबिसाचं नागपूरचा एक एजंट पाहतो. ईमेल लिहिणं, व्हिडिओ कॉल लावून देणं, आणि मामी कॅमेऱ्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलू लागली की तिचं तोंड वळवून देणं, ही कामं माझ्याकडे. दर रविवारी मी वर्ध्याहून त्यासाठीच जातो. मोबदल्यात चहा मिळतो, तोही मीच करायचा.

तिची पद्धत सगळ्या जगाहून उलटी आहे. लोक बाई पाहतात, मामी आधी घर पाहते. अगदी लग्नाच्या पाहण्यासारखं. तिकडच्या नवराबायकोला फोनसमोर उभं करते आणि पोहे करायला लावते. फोडणीपासून. हो, परदेशातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांना मी मामीच्या हुकमावरून कांदा चिरताना पाहिलं आहे, आणि त्यातला एक जण कांद्यानंच रडत होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका पठ्ठ्यानं हॉटेलातून आणलेले पोहे कढईत ओतून वर वाफ आणायचा प्रयत्न केला. मामीनं ओट्याच्या कोपऱ्यातली शेवेची वेगळी पुडी बरोबर हेरली आणि ते घर तिथल्या तिथे नापास. मी म्हटलं, मामी, पोह्यांवरून काय कळतं? ती म्हणाली, "ज्या घरी दोघाईले मिळून पोहे कराची फुरसत नाई, त्या घरी बाईले जेवली का म्हून कोन विचारन?" पोहे झाले की बाईची झोपायची खोली. कडी आतून लागते का, खिडकी उघडते का, आणि पासपोर्ट बाईच्याच पिशवीत राहील ना. हे विचारताना मात्र ती अजिबात हसत नाही.

मग बाईची पाळी. तिला घरी बोलवायचं, शेजारणीचा नातू आणून तिच्या मांडीवर द्यायचा, गॅसवर दूध ठेवायचं आणि मामीनं बाहेर जाऊन बसायचं. दूध वर आलं आणि त्याच वेळी पोरगं रडलं की बाई आधी कुठे धावते, एवढंच पाहायचं. दुधाकडे धावली ती घरी परत. पोरं सांभाळणाऱ्या बाया आमच्या भागात किती आहेत हे मामीच्या काळ्या पडलेल्या गॅसकडे पाहून सांगता येतं. शेजारीण बिचारी आता नातवाला रविवारी दुसऱ्या नातेवाइकांकडे पाठवू लागली आहे.

तक्रारीही येतात. मेलबर्नला मूळ पुण्याचं एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे मामीची बाई गेली आणि वर्षभरात त्यांची मुलगी 'मले भूक लागून राह्यली' म्हणायला लागली. आईनं हवालदिल होऊन फोन केला. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही हो, म्हणाली. मामीनं शांतपणे विचारलं, भूक लागली ते समजलं का तुम्हाले? समजलं, म्हणाली. मग वाढा, म्हणाली मामी, आणि फोन ठेवला.

पण तिचा सगळ्यात कडक नियम वेगळाच होता. लेकरानं बाईला मावशी म्हणायचं. आई नाही, आजी नाही. चुकून म्हटलंच, तर बाईनं तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. मस्कतच्या जुळ्यांपैकी एक जण त्या बाईला आई म्हणू लागला, तेव्हा मामीनं अर्धा तास फोनवर तिची हजेरी घेतली होती. मला तेव्हा हे फार निष्ठुर वाटलं आणि मी तसं बोललोही. तर म्हणाली, "बाई दोन वर्षानं वापस येनार हाय, बापू. मावशी गावाले गेली तं लेकरू रडते अन् उगी राह्यते. आई गेली तं उगी कसं राहीन?"

हे सगळं परक्या घरांपुरतं ठीक चाललं होतं. मग माझ्या मामेबहिणीला, म्हणजे मामीच्याच पल्लवीला, सिंगापुरात मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचे दिवस अवघड गेले, डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. मामीलाही जाता आलं नाही. मामा जन्मभर आर्वी डेपोत एसटी चालवलेला धिप्पाड माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून तो वऱ्हांड्यातल्या खुर्चीत असतो, आणि त्याचं बोलणं एकट्या मामीला कळतं. पल्लवीची रजा संपत आली. तिनं साहजिकच आईला बाई पाठवायला सांगितलं. सगळ्या जगाला देते, मला एक दे.

आणि मामीला एकही बाई पसंत पडेना. एकीचा आवाज मोठा, एकीचे हात थंड, एक फार बोलते, एक बोलतच नाही. सात बाया नापास झाल्या. एवढंच नाही, तर तिनं स्वतःच्या पोटच्या पोरीचं घरही पाहायला घेतलं. जावयानं बिचाऱ्यानं पोहे केले, शेंगदाणे वेगळे तळून घातले, वर लिंबू पिळून कॅमेऱ्यापुढे बशी धरली. मामी म्हणाली, घर बरं आहे, विचार करून कळवू. मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी पल्लवीचा मला फोन आला. रडत होती. तीन आठवड्यांत बाई आली नाही तर नोकरी सोडावी लागेल, दादा, म्हणाली, आणि आई माझ्याच वेळी असं काऊन करून राह्यली?

मी रविवारची वाट पाहिली नाही. तडक नालवाडीला गेलो. डोकं तापलेलंच होतं. मामी मामाला वरणभात भरवत होती. मी सातही बायांची नावं घेतली आणि एकेकीचा हिशेब मागितला. सहाव्या नावापर्यंत ती उत्तरं देत होती. सातवी कारंजाची रेखाबाई. मी स्वतः पाहिलं होतं, तिनं एका हातानं पोरगं उचललं, दुसऱ्या हातानं गॅस बंद केला, आणि थेंबभर दूध सांडलं नाही. मामीच्या ओट्यावर हे पहिल्यांदाच घडलं होतं. ही कशी नापास झाली, म्हटलं, सांग. मामी मामाचं तोंड पुसत राहिली.

"फारच चांगली हाय थे," ती म्हणाली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग ती मामाकडेच पाहत बोलली. आपल्या लेकीचं लेकरू आहे, त्याला आपले हात ठाऊक नाहीत, आता त्याला रेखाचे हात लागतील आणि मग आपले कधीच लागणार नाहीत. मी म्हटलं, मग मामासाठी एक बाई ठेवू आणि तू जा. एवढ्या बाया आहेत तुझ्याकडे. तिनं मान हलवली. "तो लहान हाय, बापू, कोनाच्याई हातानं खाईन. यायले माह्या हातचंच लागते." मामा काही तरी पुटपुटला. मी विचारलं, काय म्हणतो? मामी म्हणाली, जा म्हणून राह्यले. आणि पुढचा घास तिनं त्याच्या तोंडात दिला. मला माझ्याच तोंडाची लाज वाटली. भांडायला म्हणून आलो होतो.

त्याच संध्याकाळी तिनं रेखाबाईला फोन केला. नेहमीच्या सगळ्या सूचना दिल्या, मावशीच म्हणवून घ्यायचं हीसुद्धा. आणि जन्मात कुणाला दिली नव्हती अशी एक जास्तीची दिली. बाळ दुपारी उठलं की रोज मला फोन लाव, आणि मी दिसले की 'आजी, आजी' असं त्याला सांगत जा.

रेखाबाई शब्दाची पक्की. एक दिवस चुकवला नाही. मामीनंही चुकवला नाही. एकच्या आधी ती केस विंचरून, लुगडं बदलून, कॅलेंडरकडे पाठ करून फोनसमोर बसायची. कॅमेरा आता तिला नीट जमू लागला होता.

बाळ सव्वा वर्षाचं झालं तेव्हाची गोष्ट. मी तिथेच होतो. रेखाबाईनं त्याला मांडीवर घेतलं, फोन समोर धरला, आणि रोजच्यासारखं 'आजी, आजी' म्हणाली. त्यानं फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं वर रेखाबाईकडे पाहिलं, तिच्या गालावर हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाला, "आजी." रोज दुपारी त्याच्याजवळ तोंड नेऊन हा शब्द म्हणणारी बाई एकच होती. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. मामीनंच तर शिकवायला सांगितलं होतं.

रेखाबाईचा चेहरा उतरला. तिनं घाईनं त्याचा हात खाली घेतला. मी मावशी, बाळा, आजी तिकडे, असं दोनदा-तीनदा सांगितलं. त्यानं पुन्हा हात वर नेला. पुन्हा तेच. मी मामीकडे पाहिलंच नाही, माझी हिंमत झाली नाही.

"राहू दे, रेखा," मामी म्हणाली. "हाक मारली त्यानं. ओ दे."

तिकडे रेखाबाईनं खालच्या आवाजात ओ दिली. बाळ हसलं. मामानं वऱ्हांड्यातून पाण्यासाठी खूण केली तशी मामी गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि उठता उठता, फोनवर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तिनंही ओ दिली.