मुगाएवढी अफू

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं तेव्हा आमच्या कचेरीची पाटी बदलली, शिक्के बदलले, खुर्च्या मात्र संस्थानच्याच राहिल्या. त्यातल्या एका डुगडुगत्या खुर्चीवर मी सरकारी वकील म्हणून बसत असे. माझ्याकडे अबकारीचे खटले होते, आणि आमच्या माळव्यात अबकारी म्हणजे मुख्यतः अफू. शेतकऱ्यानं ती परवान्यानं पिकवायची आणि सगळी सरकारात घालायची. चोरून मागे ठेवली तर गुन्हा. सरकारी ठेक्याच्या दुकानातून थोडी विकत घेतली, तर मात्र गुन्हा नाही. हा न्याय मला तेव्हा अगदी सरळ वाटायचा.

अफूवाल्यांची मला मनापासून चीड होती. आमच्या घरात दुसऱ्यांदा चहा मागितला तरी आई त्याला व्यसन म्हणायची. मानपूरच्या रस्त्यावर पकडलेल्या एखाद्या ट्रकवाल्याला शिक्षा झाली, की त्या दिवशी मला जेवण गोड लागे.

त्या सकाळी मात्र समोर एक विशीतली बाई आली. मिलमध्ये कामाला होती, नवरा वारलेला, माहेर गौतमपुऱ्याकडचं. माहेराहून परतताना मोटारस्टँडवर तिला पकडलं होतं. पदराच्या गाठीत लिंबाएवढा अफूचा गोळा सापडला होता. कोठडीत रात्र काढून ती आली होती, आणि मांडीवर पाच-सहा महिन्यांचं पोर होतं. मी जामिनाला विरोध करायला उभा राहिलो.

पोर रडत होतं. तसं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज बसलेला, अंग थरथरतंय, नाक गळतंय, मधेच शिंका, मधेच मोठ्या माणसासारख्या जांभया. दंडाधिकारी वैतागून म्हणाले, ‘‘अहो बाई, दूध पाजा त्याला.’’ तिनं पाजून पाहिलं. पोर तोंड फिरवत होतं. हवालदार माझ्या कानाशी लागला, ‘‘वकीलसाब, चिमटी काट रही है. जमानत के लिए पुराना नखरा है.’’ पोराला चिमटे काढून रडवायचे नखरे मीही पाहिले होते. मी तिच्या हातांकडे टक लावून बघू लागलो.

तिनं माझी नजर पकडली. मग माझ्या टेबलावर लाखेची मोहोर लावून ठेवलेल्या मुद्देमालाकडे बोट दाखवलं.

‘‘वकीलसाब, उ म्हारो नी है, छोरा को है. मूंग बरोबर दइ दो इके. फेर म्हने जेल भेज दो.’’

मुगाएवढी अफू ती पोरासाठी मागत होती. रडत रडत तिनं सांगितलं, ते असं : मिलमध्ये जाताना ती खोलीला बाहेरून कुलूप लावते. पोर आत एकटं. मुगाएवढी गोळी चाटवली, की पाळी सुटेपर्यंत उठत नाही. काल गोळा जप्त झाल्यापासून त्याला काहीच मिळालेलं नाही.

दंडाधिकाऱ्यांनी वेळेआधीच मधली सुट्टी दिली, आणि मी सायकल हाणत राजवाड्यामागच्या आमच्या घरी आलो. आई ताट वाढत होती. आई संस्थानच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती, आता निवृत्त. हात न धुताच मी सुरू झालो, ‘‘आई आहे की कोण आहे ती! पोटच्या पोराला अफू चारते! आणि वर माझ्याकडे मागते!’’

आईचा पळीचा हात थांबला. ‘‘जांभया देतोय का तो? शिंका?’’

‘‘तुला काय माहीत?’’

‘‘तुला देत होते मी.’’

‘‘मला? अफू?’’

‘‘मी शाळेत जायची, हे कचेरीत. घरात दुसरं कोण होतं? हेच ठेक्यावरून आणायचे, कायद्यानं. पुष्कळ घरांत द्यायचे तेव्हा. दीड वर्षाचा होईतो दिली तुला, मग गोळी बारीक बारीक करत सोडवली. एकदम बंद केली तर मरेल रे ते पोर. जेवण राहू दे. जल्दी जा.’’

ज्या गोष्टीसाठी मी लोकांना तुरुंगात धाडत होतो, तिच्यावर मी वाढलो होतो! उपाशीच परत आलो. उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘जामिनाला सरकारचा विरोध नाही. मुलाला ताबडतोब दवाखान्यात पाठवावं.’’

दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. ‘‘सरकारी वकील आपणच ना?’’

‘‘हो साहेब.’’

जामीन झाला, आणि हवालदाराला घेऊन मीही मायलेकरांबरोबर गेलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना एका दमात झापलं, मग पोराला औषधाचे थेंब दिले. हळूहळू सोडवावी लागेल, म्हणाले. थरथर थांबेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

दिवेलागणीला घरी आलो तो जरा फुशारकीतच. ‘‘झोपला एकदाचा. अगदी शांत.’’

आई हसली नाही. ‘‘श्वास बघितलास?’’

‘‘डॉक्टर आहेत ना तिथं.’’

‘‘तू बघितलास का?’’ तिनं दिव्याची काच पुसत विचारलं. मग काच खाली ठेवली. ‘‘तुला दिल्यावर मी रोज बघायची. तुझ्या आधीचा असाच शांत झोपला होता. मी शाळेतून आले. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. सगळा स्वयंपाक केला मी.’’

माझा मोठा भाऊ तापानं गेला, असं मला सांगितलेलं होतं. मीही कधी जास्त विचारलं नव्हतं. रागवायची मला सवय, पण त्या क्षणी कुणावर रागवावं तेच कळेना. आई, वडील, ठेकेवाला, सगळ्यांनी कायद्यानंच केलं होतं. आईला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्याकडे तशी रीत नव्हती. मी पुन्हा सायकल काढली.

दवाखान्यात पोर त्याच्या आईच्या कुशीत निपचित पडलं होतं. तीही भिंतीला टेकून डुलकी घेत होती. मी त्याच्या नाकाशी बोट धरलं. काही कळेना. परिचारिका लांबून ओरडली, ‘‘आत्ताच झोपलाय तो, कशाला उठवता?’’

मी त्याच्या तळपायाला चिमटा काढला. जोरात. पोर किंचाळलं, त्याची आई दचकून जागी झाली, आणि मी तिथंच खाली फरशीवर बसून रडलो.