खोडरबरानं पुसलेलं सोनं

इंजिनियरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं टेक्निशियन होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि बडोद्यात कारेलीबागेतल्या घरी मी मिक्सर, इस्त्र्या नि शेजारणींचे रेडिओ दुरुस्त करून सगळ्यांना वैताग देत होते. अशात विभागप्रमुखांचा फोन आला. ही बाई एके काळी माझ्याच प्रयोगशाळेत शिकलेली. तेव्हा हातात सोल्डरिंगची गन धरली की डोळे मिटून घ्यायची, आता अख्खा विभाग सांभाळते.

"ताई, शनिवारी येता का? स्टोअर रिकामं करतोय. जुनी सर्किट बोर्डं एक भंगारवाला सरसकट किलोवर मागतोय."

"मग द्या की."

"नाही हो. प्रिन्सिपॉल म्हणालेत, भंगारातून येईल तेवढ्यातच नवे ऑसिलोस्कोप घ्या, वर एक पैसा मिळणार नाही. आणि आमच्याकडे चालू स्थितीत एकच उरलाय. एकावर चौदा मुलं, ताई."

ऑसिलोस्कोप म्हणजे तारेतली वीज पडद्यावर लाटेसारखी दाखवणारं यंत्र. ते हाताळल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक्स शिकणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं शिकण्यासारखं आहे. चौदापैकी बारा जण नुसते माना उंच करून बघत असणार, हे मला फोनवरच दिसलं. मी शनिवारी नऊला हजर झाले, बोलावलं होतं दहाला.

भंगारवाला करजणहून टेम्पो घेऊन आला होता. सरकारी परवाना असलेला, पांढरा शर्ट, बोलायला गोड. स्टोअरचे क्लार्क त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. या क्लार्कसाहेबांनी नोकरीभर मला एक स्क्रू सुद्धा दोन अर्जांशिवाय दिला नव्हता, पण टेम्पोवाल्याला चहा मात्र अर्जाविना मिळाला होता.

"बेन, आ तो बधुं भंगार छे," भंगारवाला म्हणाला. "एकज भाव."

"एकच भाव कसा असेल?" मी म्हटलं. "भाजीवाल्याकडे कोथिंबीर आणि बटाटे एका भावानं घेता का?"

आणि मी पदर खोचून जमिनीवर बसले. बोर्डं ओळखणं तसं अवघड नाही, सवय लागते. तपकिरी, कडेनं तुकडे पडणारी पातळ बोर्डं जुन्या टीव्ही-रेडिओची. त्यात तांब्यापलीकडे विशेष काही नसतं. हिरवी जाड बोर्डं त्याहून बरी. आणि ज्यांच्या कडेला पिवळ्या पट्ट्यांची रांग असते, जी यंत्राच्या खाचेत बसते, ती खरी. त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, आणि जितकं यंत्र जुनं, तितका मुलामा जाड. तेव्हा कंपन्या हात आखडत नव्हत्या. मी तीन ढीग लावले. तिसऱ्या ढिगात सगळ्यात वर ठेवली माझी लाडकी बोर्डं: प्रयोगशाळेतल्या शिकवणीच्या यंत्रांची, जी मी एकतीस वर्षं पोटच्या पोरासारखी जपली होती.

"याचा भाव वेगळा," मी सांगितलं.

भंगारवाला हसला. खिशातून काचेच्या बुचाची इवलीशी बाटली काढली. तीत तेजाब होतं. सोन्यावर ते काही करत नाही, खालच्या धातूवर मात्र हिरवा फेस आणतं. त्यानं माझ्या सगळ्यात लाडक्या बोर्डाच्या पट्टीवर एक थेंब सोडला.

हिरवा फेस आला.

दुसऱ्या बोर्डावर सोडला, पुन्हा फेस. तिसऱ्यावरही तेच. क्लार्कसाहेब चहाच्या कपाआड खोकल्याचं नाटक करून हसले. विभागप्रमुख बाईनं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि तेच मला जास्त लागलं. एकतीस वर्षं, आणि मला सोनं ओळखता येत नाही?

भंगारवाल्यानं बोर्ड उजेडात तिरकं धरलं. त्यालाही नवल वाटत होतं. "बेन, सोनुं हतुं. पण आ कोणे घस्युं छे?"

सोनं होतं, पण ते कोणी घासलं? उत्तर मला त्याच क्षणी कळलं आणि कानशिलं तापली. दर मे महिन्याच्या सुट्टीत, मुलं गेली की मी एकेक बोर्ड बाहेर काढायची आणि कडेच्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं घासायची. माझ्या वरिष्ठांनी शिकवलेली पद्धत; सगळ्या बडोद्यातले टेक्निशियन हेच करतात. पट्ट्या स्वच्छ झाल्या की यंत्र वर्षभर कुरकुर करत नाही. पण माझा हात जरा जास्तच चालायचा. दसऱ्याला देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासून लखलखीत करणाऱ्या घरात मी वाढले. अर्धवट घासणं मला माहीतच नाही. एकतीस उन्हाळे मी सोनं खोडून काढत होते आणि चुरा फुंकरीनं उडवून देत होते. त्याबद्दल मला एकदा 'उत्कृष्ट देखभाल' म्हणून प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं.

खोटं बोलता आलं असतं. ओल लागली, हवा लागली, काहीही. पण मला खोट्याचा कंटाळा आहे, आणि चूक माझी होती.

"में," मी म्हटलं. "मी घासलंय. दर वर्षी."

मग मीच त्या ढिगातून बोर्डं उचलायला लागले. कुठलं कुठल्या यंत्रातलं, कुठलं मी किती वर्षं घासलं, हे मला तोंडपाठ होतं. त्याला थेंबही टाकायला न लावता मी चाळीसेक बोर्डं काढून दुसऱ्या ढिगात, कमी भावाच्या ढिगात ठेवली. क्लार्कसाहेब म्हणाले, "अहो बाई, तुम्ही कॉलेजच्या बाजूनं आहात ना?"

"आहे. म्हणूनच," मी म्हटलं आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही.

कारण तोवर माझं डोकं पुढे धावलं होतं. खोडरबरानं सोनं जातं, तर जे मी कधी घासलंच नाही, ते शाबूत असणार. आणि मी काय घासलं नव्हतं? जिन्याखालचं. कधीकाळी एका कारखान्यानं मोडीत काढलेलं मोठं जुनं संगणकयंत्र कॉलेजला दान दिलं होतं. त्याचं माहितीपुस्तक कुणाकडे नव्हतं, म्हणून ते कधी सुरूच झालं नाही. तीन लाकडी खोकी, वर धुळीचे थर. सगळ्यांच्या यादीत ते 'निरुपयोगी' होतं. माझ्याही.

खोकी बाहेर ओढली तेव्हा आत उंदरांनी लेंड्या करून ठेवल्या होत्या. मी पहिलं बोर्ड काढलं, नुसत्या हातानं पुसलं आणि भंगारवाल्यापुढे धरलं. "इथे टाका."

थेंब पट्टीवर पडला आणि तसाच राहिला, पाण्यासारखा स्वच्छ. त्यानं पट्टीच्या दुसऱ्या टोकाला टाकला. मग दुसऱ्या बोर्डावर, मग तळातल्या खोक्यातल्या एकावर. मी मध्ये पडले नाही. त्यानं हवं ते उचलावं, हवं तिथे टाकावं. कुठेच फेस नाही. शेवटी मी एक बोर्ड उलटवून त्यावरच्या चिप्स दाखवल्या: चिनीमातीच्या पांढऱ्या चिप्स, डोक्यावर सोनेरी झाकण, पाय सोनेरी. अशा तिन्ही खोक्यांत भरल्या होत्या. भंगारवाल्यानं बाटलीचं बूच लावलं आणि ती खिशात ठेवली. मला त्या बूच लावण्याचा जो आनंद झाला तो मी लपवला नाही.

"बेन, मिक्समां आपी दो ने," तो हळूच म्हणाला. म्हणजे सगळं एकत्र करून एकाच भावानं.

"मिक्समध्ये काहीही नाही. तीन ढीग, तीन भाव, आणि ही खोकी तिसऱ्यात. नाही तर सोमवारी दुसरे दोघे येऊन बघतील."

"दुसरा कोई तमारी वात नहीं माने, बेन."

"का नाही मानणार?"

त्यानं माझ्या घासलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. मग त्याचं त्यालाच हसू आलं. "हूं मानुं छुं," तो म्हणाला, "तमे पोतानो माल जाते खोटो काढ्यो ने, एटले." स्वतःचा माल स्वतः खोटा ठरवला, म्हणून हिचा शब्द धरायचा. त्यानंतर तिसऱ्या ढिगाच्या वजनावर त्यानं एकदाही वाद घातला नाही, आणि भाव त्यानंच दोनदा वर नेला. दुसऱ्यांदा तर मी बोललेही नव्हते.

क्लार्कसाहेबांनी पावती लिहिली. 'मूल्यांकन कोणी केले' या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. "इथे प्राध्यापक लागतात," ते म्हणाले. विभागप्रमुख बाईनं त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दा लिहिला, आणि सही इतकी मोठी केली की रकान्याबाहेर गेली.

दीड महिन्यानं ऑसिलोस्कोपची नवी यंत्रं आली. चार येतील असं वाटलं होतं, सहा आली. मला उद्घाटनाला बोलावलं होतं, हार वगैरे होता, प्रिन्सिपॉल दोन शब्द बोलणार होते. पण मी त्याच्या तासभर आधीच पोचले, प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि सहाच्या सहा खोकी एकटीनं उघडली. टेबलावर मांडली, तारा जोडल्या. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं. मी एकेक बटण दाबत गेले आणि एकेका पडद्यावर हिरवी लाट उभी राहिली. सहावी उभी राहीपर्यंत मी दार उघडलं नाही.